स्क्वॉट वाढला, उडी घटली: एका लांब उडीपटूचं प्रकरण

वीस वर्षांची लांब उडीपटू. मागच्या मोसमातली सर्वोत्तम उडी ५.९२ मीटर. सहा मीटर डोळ्यांसमोर होते, म्हणून मोसमाआधीचे पाच महिने तिने जिममध्ये नेटाने घालवले. बॅक स्क्वॉट, म्हणजे खांद्यांवर वजनाचा बार घेऊन खाली बसून उठण्याचा व्यायाम, ८२.५ किलोवरून ११० किलोवर गेला. जागेवरून मारलेली लांब उडी २.३८ मीटरवरून २.५१ मीटरवर, हात कमरेवर ठेवून मारलेली उभी उडी ३३ सेंटिमीटरवरून ३६ वर. वजन ५६ किलोचं ५९ झालं. तक्ता कुणालाही अभिमानाने दाखवावा असा. मग मोसम सुरू झाला आणि पहिल्या चार स्पर्धांमधली तिची सर्वोत्तम उडी निघाली ५.६४.

हे प्रकरण कुणा एका मुलीचं नाही. या स्तरावरच्या खेळाडूंबाबत प्रशिक्षकांमध्ये पुन्हा पुन्हा निघणारा वाद नीट मांडता यावा म्हणून ते जुळवलेलं आहे आणि खेळाडूचे आकडे त्या स्तराला शोभतील असे घेतले आहेत. उडीची यंत्रणा आणि संशोधन यांबद्दल जे येईल ते मात्र खरं आहे.

दोन खुलासे

तिला दोन प्रशिक्षक. उडीचे सर मैदानावर आयुष्य काढलेले. ताकदीच्या मॅडम वयाने बऱ्याच लहान, नोंदींच्या बाबतीत काटेकोर. चौथ्या स्पर्धेनंतर बैठक झाली तेव्हा दोघांकडे आपापला खुलासा तयार होता.

"पाय जड झालेत," सर म्हणाले. "जिम बंद करा. महिन्याभरात पोरगी पूर्वीसारखी उडायला लागेल."

"सर, नवी ताकद उडीत उतरायला वेळ लागतो," मॅडम म्हणाल्या. "आत्ता सोडलं तर पाच महिन्यांची मेहनत पाण्यात."

"तुमचे आकडे खोटे आहेत असं मी म्हणत नाही. पण निकालाच्या कागदावर वाळूतला आकडा जातो."

दोन्ही खुलाशांत एकच दोष आहे: ते कधी चुकूच शकत नाहीत. उडी वाढली तर ताकद उतरली, नाही वाढली तर अजून उतरायची आहे. उडी घटली तर जिममुळे, वाढली तर मैदानामुळे. असा खुलासा घेऊन बसलेल्या माणसाला मोजमापाची गरज वाटत नाही, आणि या बैठकीपर्यंत खरोखरच कुणी वेगळं काही मोजलेलं नव्हतं. जिमचे आकडे जिमच्या वहीत होते, उड्यांचे आकडे सरांच्या डोक्यात.

खेळाडूला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "सर, निघताना इतका जोर लागतो की वाटतं, आज होणार. शेवटी मात्र बोर्ड अंगावर येतो. आणि टेकऑफला पाय टाकला की तो बसतो." या तीन वाक्यांत तीन वेगवेगळ्या तक्रारी आहेत. सरांनी तिन्हींचा अर्थ 'जड' असा घेतला, मॅडमनी 'सवय होईल' असा.

आधी टेप

पहिलं काम अगदी साधं होतं. लांब उडीत अंतर मोजतात ते टेकऑफ रेषेपासून, खेळाडूच्या पायाच्या टोकापासून नव्हे. बोर्ड, म्हणजे जिच्यावरून उडी घेतात ती फळी, २० सेंटिमीटर रुंद असतो आणि रेषेच्या जितकं आधी पाऊल पडेल तितकं अंतर खेळाडू फुकट घालवतो. म्हणून दोन्ही मोसमांतल्या सर्वोत्तम उड्यांचे व्हिडिओ काढून चवड्यापासून रेषेपर्यंतचं अंतर पाहिलं. ५.९२ च्या उडीत ते ६ सेंटिमीटर होतं, ५.६४ च्या उडीत १४. म्हणजे मुलगी गेल्या मोसमात प्रत्यक्षात ५.९८ उडाली होती आणि या मोसमात ५.७८. निकालातली घट २८ सेंटिमीटरची, शरीराने केलेल्या कामातली २० सेंटिमीटरची. उरलेले ८ सेंटिमीटर पाऊल चुकीच्या जागी पडल्याने गेले. त्यांचा पायाच्या ताकदीशी संबंध नाही असं तेव्हा सगळ्यांना वाटलं.

फाउलही वाढले होते. मागच्या मोसमातल्या चार स्पर्धांत २४ पैकी ४, या वेळी २४ पैकी १०. एका उडीत पाऊल रेषेपुढे, पुढच्या उडीत घाबरून मागे, असा सगळा खेळ चालला होता.

मग रनअप. सोळा पावलांचा, ३१.२० मीटरचा, मागच्या मोसमात टेपने बसवलेला आणि तेव्हापासून तसाच. पावलांच्या जागा चुन्याने आखून पाहिल्यावर दिसलं की पहिली सहा पावलं प्रत्येकी पाच ते सहा सेंटिमीटरने लांबली होती. सहाव्या पावलाला ती गेल्या वर्षीपेक्षा सुमारे ३५ सेंटिमीटर पुढे पोचत होती. साहजिकच होतं. थांबलेल्या शरीराला वेग देताना जमिनीशी संपर्क जास्त वेळ असतो, गुडघा आणि नितंब खोल वाकलेले असतात, आणि नेमक्या तिथेच स्क्वॉटची ताकद सगळ्यांत आधी कामी येते. मॅडम ज्या ताकदीची वाट पाहत होत्या ती आलेली होती. ती रनअपच्या पहिल्या दहा मीटरमध्ये आली होती आणि तिथे कुणाचं लक्ष नव्हतं.

त्याची किंमत शेवटच्या पावलांत मोजावी लागत होती. १९८२ साली डेव्हिड ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लांब उडीपटूंच्या रनअपचा अभ्यास प्रसिद्ध केला. अनुभवी खेळाडूंची पावलंही दर धावेत अगदी त्याच जागी पडत नाहीत, फरक पाऊलागणिक साचत जातो, आणि शेवटच्या काही पावलांत खेळाडू बोर्डाकडे पाहून पावलांची लांबी बदलतो आणि तो फरक मिटवतो, असं त्यांना दिसलं. तोपर्यंत रनअप म्हणजे पाठ केलेली एकसारखी धाव असा सर्रास समज होता. अनेक मैदानांवर आजही आहे. आपल्या खेळाडूच्या बाबतीत मिटवायचा फरक वाढून ३५ सेंटिमीटर झाला होता. तो भरून काढण्यासाठी ती शेवटची चार पावलं आखडत होती, आणि आखडलेल्या पावलांनी वेग टिकत नाही. 'बोर्ड अंगावर येतो' याचा अर्थ एवढाच होता.

इथे सरांनी मान्य केलं की चेकमार्क, म्हणजे रनअप सुरू करण्याची खूण, हलवायला हवा होता. त्यांचं पुढचं वाक्य मला जास्त महत्त्वाचं वाटतं: "पण ही इतकी जोरात निघायला लागली आहे हे मला कुणी सांगितलंच नाही." तक्ता जिममध्ये होता. स्क्वॉट २७.५ किलोने वाढला ही बातमी सरांना कौतुक म्हणून कळली होती, रनअप बदलेल अशी सूचना म्हणून नाही.

वेग कुठे गेला

पळत येऊन १० मीटर कापायला तिला गेल्या वर्षी १.१६ सेकंद लागत, आता १.१८. म्हणजे सेकंदाला ८.६२ मीटरवरून ८.४७ मीटर. फरक किरकोळ दिसतो, पण लांब उडीत अंतराशी सगळ्यांत घट्ट नातं असतं ते रनअपच्या वेगाचं. सेकंदाला ०.१ मीटर वेगाला ढोबळमानाने आठ-दहा सेंटिमीटर उडी, असा हिशेब प्रशिक्षक धरतात. त्या हिशेबाने २० पैकी १२ ते १५ सेंटिमीटर वेगाच्या खात्यात जातात.

सरांचा 'जड' इथे खरा ठरणार असं वाटत होतं. तीन किलो वजन वाढलं, वेग घटला. पण आठवड्याचं वेळापत्रक समोर ठेवल्यावर आणखी एक शक्यता दिसली. जोरकस स्क्वॉट सोमवारी आणि गुरुवारी संध्याकाळी, धावण्याचा वेग मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी. शिवाय शेवटचा सेट 'होईल तितका', म्हणजे बार अडकेपर्यंत. अशा सेटचा थकवा चोवीस तासांत पुरता जात नाही, अठ्ठेचाळीस तासही लागू शकतात. म्हणजे पाच महिने तिने कमाल वेगाचा सराव जवळजवळ कधीच ताज्या पायांनी केला नव्हता. वेगाच्या सरावात थकलेली धाव म्हणजे कमी वेगाची धाव, आणि शरीर जे करतं तेच शिकतं.

दोन शक्यतांमधला निवाडा करायला वादापेक्षा प्रयोग स्वस्त होता. क्रीडा प्रशिक्षणाचे अभ्यासक व्लादिमिर इसुरिन यांनी प्रशिक्षण थांबल्यावर कोणती क्षमता किती काळ टिकते याचे अंदाज मांडले आहेत: कमाल ताकद साधारण महिनाभर, कमाल वेग जेमतेम आठवडाभर. म्हणजे ताकदीचं काम थोडे दिवस निम्म्यावर आणलं तर मॅडमचं काही बुडत नव्हतं. दहा दिवस स्क्वॉटचे सेट निम्मे केले, अडकेपर्यंत उचलणं बंद केलं, वेगाचे दिवस विश्रांतीनंतर ठेवले. त्या काळात वजन ५९ किलोच राहिलं. दहाव्या दिवशी पळतं १० मीटर १.१५ सेकंदांत झालं. वाढलेलं वजन तेच, आणि वेग गेल्या वर्षीपेक्षा थोडा जास्त.

पाय जड नव्हते, थकलेले होते. मैदानावर उभ्या असलेल्या माणसाला हा फरक डोळ्यांनी दिसत नाही, म्हणून सरांना दोष देण्यात अर्थ नाही. पण त्यांनी सुचवलेला उपाय, जिम बंद, हा पहिल्या महिन्यात चमत्कारासारखा लागू पडला असता आणि त्यांचा समज कायमचा पक्का झाला असता. विश्रांतीचं श्रेय जिम सोडण्याला मिळालं असतं. खेळातल्या किती तरी ठाम मतांचा जन्म असाच झाला असावा.

चार फ्रेम

आता उरले पाच ते आठ सेंटिमीटर आणि तिसरी तक्रार: पाय बसतो. या भागावर वेळ घालवायला हवा, कारण ताकदीच्या प्रशिक्षणातला मूळ प्रश्न इथे आहे.

सेकंदाला २४० फ्रेम घेणाऱ्या कॅमेऱ्यात मागच्या वर्षीच्या टेकऑफचा संपर्क ३० फ्रेमचा होता, म्हणजे ०.१२५ सेकंद. या वर्षी ३४ फ्रेम, ०.१४२ सेकंद. गुडघा टेकताना दोन्ही वेळा जवळपास सारखाच सरळ, पण मागच्या वर्षी तो जास्तीत जास्त १४८ अंशांपर्यंत वाकत होता, या वर्षी १३९ पर्यंत.

स्नायूला आपला कमाल जोर उभा करायला साधारण ०.३ सेकंद किंवा त्याहून अधिक वेळ लागतो. जड स्क्वॉटमध्ये तेवढा वेळ असतो, टेकऑफमध्ये नसतो. हे बहुतेक प्रशिक्षकांना माहीत असतं आणि ते लगेच 'मग स्फोटक व्यायाम करा' या निष्कर्षावर येतात. पण टेकऑफमध्ये पाय नेमकं काय काम करतो ते आधी पाहायला हवं. उडीपटू शेवटून दुसऱ्या लांब पावलावर शरीर थोडं खाली आणतो, शेवटचं पाऊल आखूड आणि शरीराच्या पुढे टाकतो. तो पाय जमिनीत रोवलेल्या काठीसारखा उभा राहतो आणि धावत आलेलं शरीर त्याच्यावरून वर फिरतं. वरच्या दिशेने मिळणाऱ्या वेगातला निम्म्याहून अधिक भाग गुडघा जास्तीत जास्त वाकण्याच्या आधीच मिळून गेलेला असतो. म्हणजे उडीचं मोठं काम ढकलण्याने होत नाही, न बसण्याने होतं. शरीराच्या वजनाच्या कित्येक पट जोर येत असताना गुडघ्याने आपला कोन राखायचा, ताणल्या जाणाऱ्या स्नायूने आणि कंडरेने तो जोर झेलायचा, आणि हे सगळं सेकंदाच्या आठव्या भागात.

स्क्वॉट शिकवतो खोल वाकायला आणि तिथून सावकाश उठायला. पाच महिने, आठवड्यातून दोनदा, वाढत्या वजनाखाली तिच्या शरीराने एकच तोडगा पक्का केला: भार आला की वाक, मग ढकल. बोर्डवर भार आला आणि तिने तेच केलं असावं. खात्रीने सांगता येणार नाही, कारण त्याच काळात ती पावलं आखडत होती आणि थकलेली होती, आणि या दोन्हींमुळेही गुडघा बसू शकतो. मला स्वतःला तिन्ही कारणं एकत्र असण्याची शक्यता जास्त वाटते.

सोव्हिएत प्रशिक्षक युरी वेर्खोशान्स्की यांनी तिहेरी उडीच्या खेळाडूंबरोबर काम करताना उंचावरून उतरून लगेच उसळण्याचे व्यायाम पद्धतशीर केले. व्यायाम खेळाच्या किती जवळचा आहे हे ठरवण्यासाठी त्यांनी पाच कसोट्याही मांडल्या. हालचालीची दिशा आणि आवाका, जोर नेमका कोणत्या कोनात लागतो, तो किती मोठा असतो, किती वेगाने उभा राहतो, आणि स्नायू त्या वेळी आखडतो, ताणला जातो की लांबी राखतो. व्यायाम खेळासारखा दिसतो का, ही यातली कसोटी नाही. हे पुन्हा सांगावं लागतं, कारण आजकाल टेकऑफच्या मुद्रेत रबर बांधून गुडघा उचलणं, डगमगत्या फळीवर एका पायावर उभं राहून बार धरणं असले प्रकार 'खेळाशी निगडित' म्हणून खपतात. दिसायला हुबेहूब, पण जोर किरकोळ, वेग मंद, कोनाचा पत्ता नाही. मला विचाराल तर प्रामाणिक जड स्क्वॉट त्यांच्यापेक्षा बरा, कारण निदान तो काहीतरी वाढवतो आणि काय वाढवतो हे लपवत नाही.

काय ठरलं

जिम बंद करायचा प्रस्ताव मागे पडला. पाच महिन्यांत तिच्या गुडघ्याखालच्या कंडरेची जुनी कुरकुर कमी झाली होती, आणि ताकदीच्या व्यायामाने खेळातल्या दुखापती लक्षणीय कमी होतात हे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लॉएरसन आणि सहकाऱ्यांच्या विश्लेषणातूनही दिसलं होतं. जे चाललं आहे तेच चालू ठेवणं तर शक्यच नव्हतं.

स्क्वॉट राहिला, आठवड्यातून एकदा, तीन-तीनचे थोडे सेट, वेगाच्या सरावाच्याच दिवशी आणि त्याच्यानंतर. त्यामुळे कठीण दिवस खरोखर कठीण आणि मोकळे दिवस खरोखर मोकळे झाले. बारचा वेग पहिल्या रेपच्या, म्हणजे सेटमधल्या पहिल्या उचलीच्या, तुलनेत सुमारे २० टक्के घटला की सेट संपला. या आकड्यामागे आधार आहे: २०१७ मध्ये पारेहा-ब्लांको आणि सहकाऱ्यांनी स्क्वॉटमध्ये २० टक्के आणि ४० टक्के वेग घटेपर्यंत सेट करणाऱ्या दोन गटांची तुलना केली. ताकद दोन्हीकडे सारखीच वाढली, उभी उडी २० टक्क्यांच्या गटात जास्त वाढली, स्नायूंचा आकार ४० टक्क्यांच्या गटात. उडीपटूला कोणता गट हवा हे सांगायला नको.

मॅडमनी दोन व्यायाम नवे घेतले. एक, रॅकमध्ये (बार अडकवायच्या लोखंडी चौकटीत) न हलणाऱ्या बारखाली एका पायावर, गुडघा साधारण १४५ अंशांत ठेवून, तीन ते पाच सेकंद पूर्ण जोराने वर दाबणं. दुसरा, गुडघ्याएवढ्या खोक्यावरून एका पायावर उतरून जागच्या जागी थिजणं, गुडघा ठरलेल्या कोनापलीकडे गेला तर ती फेरी मोजायचीच नाही. दुखण्यासाठी नियम एकच: दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा नेहमीपेक्षा जास्त बोलला तर फेऱ्या कमी करायच्या.

सरांकडे रनअप गेला आणि तिथे खरी खडाजंगी झाली. चेकमार्क ३५ सेंटिमीटर मागे घ्यायला कुणाची हरकत नव्हती. पण त्यापुढे जाऊन सुचवलेली गोष्ट अशी होती की सरावातल्या काही धावांत टेकऑफची पट्टी तिला न सांगता १०-१५ सेंटिमीटर पुढे किंवा मागे ठेवायची, म्हणजे शेवटच्या पावलांत जुळवून घेण्याचं कौशल्य घडेल, तेही वेग न सोडता. सर भडकले. "रनअप पाठ व्हायला वर्षं जातात आणि तुम्ही तो मुद्दाम बिघडवताय!"

त्यांची भीती निराधार नव्हती. पण १९२० च्या दशकात मॉस्कोत हालचालींचे अभ्यासक निकोलाय बर्नस्टाइन यांनी छिन्नीवर हातोडा मारणाऱ्या कामगारांच्या हालचाली चित्रित केल्या तेव्हा त्यांना दिसलं होतं ते हेच: हातोड्याचं टोक दर वेळी जवळपास ठरल्या जागी पोचतं, पण खांदा, कोपर आणि मनगट तिथवर पोचतात ते प्रत्येक घावाला थोड्या वेगळ्या वाटांनी. कसबी माणूस हालचाल पाठ करत नाही, तो प्रश्न प्रत्येक वेळी नव्याने सोडवतो. तसं असेल तर पाय बळकट झाले की प्रश्नातली सामग्रीच बदलते, आणि जुन्या पायांनी बसवलेली उत्तरं नव्या पायांना पुरत नाहीत. शेवटी तडजोड झाली. पूर्ण रनअपला पट्टी जागेवरच, सहा आणि आठ पावलांच्या छोट्या रनअपला ती हलणार. मला ती तडजोड मूळ प्रस्तावापेक्षा चांगली वाटते, कारण छोट्या रनअपच्या उड्या गुडघ्याला सोसतात आणि म्हणून जास्त करता येतात.

सूचनांचं थोडं. "गुडघा वाकवू नकोस" ही सूचना पहिल्याच दिवशी फसली. पाय काठीसारखा ताठ झाला आणि ती बोर्डवर अडखळली. शरीराच्या भागाकडे लक्ष वळवणाऱ्या सूचनांपेक्षा बाहेरच्या परिणामाकडे वळवणाऱ्या सूचना बरेचदा जास्त उपयोगी पडतात, हे हालचाली शिकण्यावर संशोधन करणाऱ्या गाब्रिएले वुल्फ यांच्या १९९० च्या दशकाअखेरपासूनच्या कामातून पुढे आलं आहे. सरांकडे तसली एक सूचना आधीपासूनच होती, कुणाचंही संशोधन न वाचता: "बोर्डवर थांबू नको, बोर्डवरून पळून जा." तीच ठेवली.

निकाल आणि श्रेय

बदलांनंतरच्या पहिल्या स्पर्धेत ५.७९. दुसऱ्या स्पर्धेत ५.९०, त्यात दोन फाउल. मोसमाच्या शेवटच्या स्पर्धेत ६.०१, पाठीमागून वारा सेकंदाला १.४ मीटर, म्हणजे नियमातल्या २.० च्या आत. त्या उडीत पाऊल रेषेपासून ५ सेंटिमीटर मागे होतं. टेकऑफचा संपर्क ३१ फ्रेम, गुडघा १४६ अंश. मोसम संपल्यावर स्क्वॉट तपासला तेव्हा तो १०५ किलो भरला.

आता या ६.०१ चं श्रेय वाटायला बसलं की गंमत होते. गेल्या वर्षीच्या तुलनेत पळतं १० मीटर ०.०१ सेकंदाने सुधारलं आहे, म्हणजे सेकंदाला जवळपास ०.०८ मीटर. त्या ढोबळ हिशेबाने सहा-आठ सेंटिमीटर तिथेच मिळतात. वाऱ्यानेही काही हातभार लावलाच असणार. टेकऑफ मात्र गेल्या वर्षी होता जवळपास तिथेच परतला आहे, त्यापुढे गेलेला नाही. रॅकमधला दाब आणि खोक्यावरून थिजणं, ज्यांवर बैठकीत सर्वांत जास्त चर्चा झाली, त्यांनी काही नवं दिलं असं या आकड्यांवरून म्हणता येत नाही. त्यांनी गेलेलं परत आणलं की ते थकवा उतरल्यावर आणि रनअप मोकळा झाल्यावर आपोआप परत आलं, हेही सांगता येत नाही, कारण सगळे बदल एकाच पंधरवड्यात केले गेले. मोसम चालू असताना एकेक बदल करून पाहण्याची चैन परवडत नाही. ज्या दोन बदलांचं काम स्वच्छ दिसतं ते म्हणजे दहा दिवसांचा हलका सराव आणि मागे सरकवलेला चेकमार्क. दोन्हींना ना उपकरण लागलं, ना नवा व्यायाम.

म्हणूनच मला 'ताकद उडीत उतरते का' हा प्रश्न विचारण्याची रीतच अपुरी वाटते. ताकद कुठे ना कुठे उतरतेच. इथे ती निघण्याच्या पावलांत उतरली, आणि नेमकी तिथे उतरली म्हणूनच बोर्डवर अपघात झाला. आधी आपण म्हटलं होतं की ८ सेंटिमीटरचा पायाच्या ताकदीशी संबंध नाही. होता, पूर्णपणे होता. जिममध्ये एक क्षमता बदलली की धावेतला प्रत्येक टप्पा थोडा सरकतो, आणि तो सरकलेला टप्पा शोधण्याचं काम दोन प्रशिक्षकांपैकी कुणाच्याच कामात लिहिलेलं नव्हतं.

पुढच्या तयारीबद्दल दोघांचं अजून पुरतं जमलेलं नाही. मॅडमना स्क्वॉट ११५ पर्यंत न्यायचा आहे, पण सहा आठवड्यांत आणि मोसमाच्या बऱ्याच आधी. सरांना १०५ पुरेसे वाटतात आणि तो सगळा वेळ बाउंडिंगला, म्हणजे लांब उसळत्या पावलांच्या सरावाला, आणि छोट्या रनअपच्या उड्यांना हवा आहे. मॅडमनी विचारलं, "१०५ पुरेसे आहेत हे कशावरून?" सरांनी उलट विचारलं, "अपुरे आहेत हे कशावरून?" यावर दोघांकडेही उत्तर नाही, आणि एका खेळाडूवरून ते मिळणारही नाही. वेळापत्रकात सध्या इतकंच पक्कं झालं आहे की स्क्वॉटचा आकडा पाच किलोने वाढला की त्या आठवड्यात पहिल्या सहा पावलांवर पुन्हा टेप टाकायची, आणि टेपचं एक टोक मॅडमनी धरायचं.